आपल्या पायाखाली काय आहे? मराठवाड्याचे डोंगर, माती, नद्या आणि हिमयुग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत मी भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर मुलांना आणि मोठ्यांना घेऊन शिवारफेऱ्या काढतो. दर फेरीला तेच प्रश्न येतात, थोडेफार शब्द बदलून. ते इथे एकदा लिहून ठेवले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या विषयांवर मला थांबता येत नाही.

सर, मराठवाड्यात कधी बर्फ होता का?

गेल्या हिमयुगात नव्हता. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी थंडीचा कहर होता. तेव्हा कॅनडा आणि उत्तर युरोपावर दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ बसला होता. हिमालयातल्या हिमनद्याही आजच्यापेक्षा लांब होत्या. आपण मात्र विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ आणि समुद्रसपाटीपासून फार उंचावर नाही. त्यामुळे बालाघाटावर किंवा अजिंठ्याच्या रांगेत हिमनदीच्या खुणा शोधायला जाऊ नका.

पण त्याच्याही खूप आधी, ३० कोटी वर्षांच्या सुमारास, भारताचा तुकडा दक्षिण ध्रुवाजवळ होता. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका सगळे एकत्र होते, त्या महाखंडाला गोंडवन म्हणतात. तेव्हा मध्य भारतावर खरोखरच हिमनद्या सरकत होत्या. चंद्रपूरच्या नैऋत्येला इरई गावाजवळ पुरावा आहे : चुनखडकाच्या सपाट अंगावर बर्फाने ओढत नेलेल्या दगडांचे ओरखडे. कानसेने लाकूड घासावं तसे. हे गाव पैनगंगेच्या खोऱ्यात आहे, म्हणजे आपल्या हिंगोली-नांदेडच्या हद्दीवरून जी नदी वाहते त्याच नदीच्या. इतक्या जवळ बर्फाची सही आहे आणि आपण ती बघायला स्वित्झर्लंडची चित्रं लावतो, याची मला गंमत वाटते.

मग हा सगळा काळा दगड आला कुठून?

जमिनीच्या भेगांतून. ६.६ कोटी वर्षांपूर्वी पश्चिम आणि मध्य भारतात जमीन फाटली आणि लाव्हा वाहू लागला. शंकूसारखा ज्वालामुखी, टोकातून धूर, असं चित्र डोक्यातून काढून टाका. इथे लांबच लांब भेगा पडल्या आणि पातळ लाव्हा सांडलेल्या काकवीसारखा पसरत गेला. एक थर थंड झाला, मग काही काळ शांतता, मग त्यावर दुसरा थर. असं पुन्हा पुन्हा. आज उरलेला हा काळा दगड, म्हणजे बसाल्ट, सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे, आणि झीज होण्याआधी तो यापेक्षा बराच मोठा होता. काही प्रवाह तर जुन्या नदीखोऱ्यांतून वाहत आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत पोहोचले. आजच्या गोदावरीचं पाणी जिथे जातं, जवळपास तिथेच.

सह्याद्रीत हे थर फार जाड आहेत, महाबळेश्वरच्या कड्यात हजार मीटरहून जास्त. पूर्वेकडे येता येता ते पातळ होतात. किल्लारीला भूकंपानंतर ६१७ मीटर खोल भोक पाडलं गेलं. त्यात ३३८ मीटरवर बसाल्ट संपला. त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर, आणि मग एकदम अडीचशे कोटी वर्षांहून जुना पायाचा खडक. पोथीची मधली सगळी पानं गहाळ. वर सांगितलेल्या बर्फाचं पानही त्यातच गेलं.

आमचे डोंगर वरून सपाट का? घाट पायऱ्यांसारखा का दिसतो?

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढा, किंवा सोलापूरकडून तुळजापूरचा. समोरच्या डोंगराला आडव्या रेघा दिसतील : कडा, मग उतार, परत कडा, परत उतार. प्रत्येक लाव्ह्याच्या थराची ही बैठक आहे. थराचा गाभा घट्ट असतो, तो कड्यासारखा उभा राहतो. थराचा माथा पोकळ, ठिसूळ असतो, तो झिजून उतार होतो. या खडकाला भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दच जिन्याच्या पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला. म्हणजे परदेशी माणसालासुद्धा पहिल्यांदा जिनाच दिसला.

माथ्यावर एखादा कठीण थर आला की त्याखालचा भाग झाकला जातो, आणि बाजूचं सगळं झिजत गेलं तरी टेबलासारखा सपाट डोंगर उरतो. बालाघाटाचं पठार हे असंच मोठं टेबल आहे. देवगिरीचा किल्ला हे एकटं पडलेलं छोटं टेबल. त्याचा पायथा माणसांनी तासून सरळ भिंत केली ही पुढची गोष्ट. निसर्गाने अर्धं काम आधीच करून ठेवलं होतं.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे डोंगर वर उचलले गेले म्हणून डोंगर झाले नाहीत. आजूबाजूचं गेलं, हे राहिले. शाळेतल्या पुस्तकांत ‘पर्वत तयार होतात’ असं वाचून मुलं आपल्या डोंगरांबद्दलही तसंच समजतात.

विहीर खोदताना मध्येच कुंकवासारखा लाल थर लागतो, ते काय?

माझा आवडता प्रश्न. आमच्या वडिलांनी १९७२ च्या दुष्काळानंतर विहीर पाडली. वर दोन हात काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, आणि पाषाण फोडून झाल्यावर एकदम तांबडा थर. पाथरवट म्हणाला, ‘गेरू लागला.’ मला तेव्हा तो फक्त रंग वाटला.

तो थर म्हणजे दोन उद्रेकांमधली विश्रांती. खालचा लाव्हा थंड झाला, पाऊस पडला, वरचा भाग कुजून माती झाली, राखही मिसळली, लोखंड गंजलं. मग पुढचा लाव्हा आला आणि त्याने ही माती झाकून टाकली, भाजलीही. म्हणजे तुमच्या विहिरीत जितके लाल थर, तितक्या वेळा इथे ज्वालामुखी थांबला होता. हातात घेतलात तर बोटांना चिकण लागतं.

आता ‘मांजऱ्या’. लाव्हा थंड होताना त्यातला वायू बुडबुडे होऊन वर येतो, तव्यावरच्या धिरड्याला भोकं पडतात तसा. म्हणून प्रत्येक थराच्या वरच्या भागात भोकं असतात. पुढे त्यात पांढरी-हिरवी खनिजं भरतात. विहीर खोदणारे त्यालाच मांजऱ्या म्हणतात. खालचा गाभा मात्र बिनभोकाचा, तो पाषाण. सुरुंगाशिवाय हलत नाही.

शेजाऱ्याच्या बोअरला पाणी, माझ्या बोअरला धूळ. असं कसं?

कारण खाली तलाव नाही. बसाल्टमध्ये पाणी साठतं ते सांध्यांत, भेगांत आणि कुजलेल्या मांजऱ्यात. घट्ट पाषाणात जवळजवळ शून्य. कुजलेल्या, भेगाळलेल्या बसाल्टमधूनही त्याच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के इतकंच पाणी उपसता येतं. दहा फुटांवर भेग चुकली की संपलं. लाल थराच्या चिकणमातीमुळे पाणी खाली झिरपत नाही, म्हणून कधी कधी त्याच्यावर झरे फुटतात, डोंगराच्या कुशीत हे बघायला मिळतं. आणि हाच लाल थर ओला झाला की बोअरमध्ये ढासळतो. केसिंग पाइप घालायला कंजुषी केली की मोटर अडकलीच म्हणून समजा.

पाणाड्याच्या हातातला नारळ उभा राहतो का, असंही लोक विचारतात. नारळ उभा राहतो, पण तो भेग बघू शकत नाही. गावातल्या जुन्या विहिरी कोणत्या थराला थांबल्या आणि उन्हाळ्यात कोणत्या टिकल्या, याची यादी काढा. मला ती नारळापेक्षा भरवशाची वाटते.

खोल जायचं म्हणाल तर खोलीवर पाणी वाढत नाही, बऱ्याचदा कमी होतं, कारण भेगा खाली मिटत जातात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पाऊस कमी हे कारण होतंच. पण ज्या खडकात साठाच इतका थोडा, तिथे हजार हजार फूट बोअर पाडून काही निघणार नव्हतं.

काळ्या मातीला एवढ्या भेगा का पडतात?

बसाल्ट कुजून जी चिकणमाती होते, ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात वावरात वासराचा पाय अडकेल एवढी भेग पडते. वरची माती त्यात पडते, पावसात परत फुगते, म्हणून जुनी माणसं म्हणतात की ही जमीन आपली आपण नांगरते. घराच्या भिंतींना तडे आणि रस्त्याला लाटा येण्यामागेही बऱ्याचदा हीच माती असते.

माथ्यावरची माती वाहून खाली गेली, म्हणून बालाघाटाच्या वर बरड, मुरमाड, हलकी रानं. गोदाकाठी, पूर्णेच्या, दुधनेच्या काठी भारी काळी. सोयरिकीत ‘गोदाकाठचं रान आहे का?’ असं विचारतात, तो प्रश्न भूगोलाचाच आहे.

गोदावरी आणि मांजरेच्या काठाला वीस-वीस, चाळीस-चाळीस फूट मातीच्या दरडी आहेत. इतकी माती कुठून आली? याचा हिमयुगाशी काय संबंध?

इथे हिमयुग आपल्या शिवारात येतं. बर्फ आला नाही, पण त्याची कोरड आली.

समुद्राचं पाणी बर्फ होऊन जमिनीवर बसलं, त्यामुळे समुद्र सुमारे १२० मीटर खाली गेला होता. जमीन आणि समुद्र थंड झाले. मान्सूनला जोर येतो तो दोघांच्या तापमानातल्या फरकातून आणि समुद्रातून उठणाऱ्या वाफेतून. दोन्ही कमी झालं, मान्सून दुबळा पडला. आता नदीचा विचार करा. डोंगरावरून माती-खडी येतच आहे, झाडोरा कमी असल्याने जास्तच येते, पण ती पुढे ढकलायला पाण्यात ताकद नाही. मग नदी काय करते? टाकून देते. पात्र भरत जातं. आपल्या दरडींमधला बराचसा पिवळसर गाळ त्या कोरड्या काळात साठला. त्या गाळात चुन्याचे पांढरे खडे, ज्याला आपण चुनखडी म्हणतो, तेही कोरड्या हवेची खूण. जिथे ऊन पाणी ओढून घेतं, तिथे पाण्यातला चुना मातीतच मागे राहतो.

मग बर्फ वितळत गेला आणि सुमारे ११-१२ हजार वर्षांपूर्वी मान्सून परत जोरात आला, आजच्यापेक्षाही जास्त. आता नदीत ताकद आली. तिने स्वतःच टाकलेला गाळ कापायला सुरुवात केली. म्हणून आज नदी खाली आणि जुना गाळ वर दरड होऊन उभा. काठावर उभं राहिलात तर तुम्ही हिमयुगाच्या अंगणात उभे आहात आणि खाली वाहतंय ते त्यानंतरचं पाणी.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि गोदावरीच्या खोऱ्यातल्या अशा दरडी वर्षानुवर्षं मोजल्या, म्हणून आज आपल्याला हे सांगता येतं. वाळूउपशाने यातल्या कित्येक दरडी गेल्या, याचं मला फार वाईट वाटतं. ट्रॅक्टरवाल्याला वाळू दिसते, त्याच्यामागे गेलेली पानं दिसत नाहीत.

नदीत हत्तीची हाडं सापडतात, हे खरं की गावगप्पा?

खरं आहे. गोदावरीच्या गाळात, नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वराजवळ, आज नामशेष झालेल्या प्रचंड हत्तीची कवटी सापडली होती. लातूर जिल्ह्यात मांजरेच्या खडीतही हत्ती, रानटी गायीबैल आणि चक्क पाणघोड्याचे अवशेष मिळाले आहेत. पाणघोडा, लातूरला! म्हणजे हिमयुग सगळं कोरडंच नव्हतं. मध्ये ओले टप्पेही होते, नद्यांना बारमाही डोह होते. हाडं फार जड लागली, दगडासारखी, तर ती जुनी समजा आणि जागेवरून हलवू नका.

पैठणजवळच्या मुंगीला १८६० च्या दशकात गोदावरीच्या खडीत अकीकाचं तासलेलं पातं सापडलं. भारतात अश्मयुगीन माणसाच्या खुणा ओळखायला नुकतीच सुरुवात झाली होती, तेव्हाची ही गोष्ट.

आणि कन्नड घाट उतरून खाली चाळीसगावच्या बाजूला पाटणे आहे. तिथे शं. अ. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याचं नक्षी कोरलेलं कवच मिळालं, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचं. शहामृग गवताळ, कोरड्या प्रदेशातला पक्षी. अजिंठ्याच्या रांगेच्या पायथ्याशी शहामृग धावत होते. वरच्या प्रश्नातल्या कोरडीला यापेक्षा बोलका साक्षीदार मला माहीत नाही.

समुद्र पश्चिमेला इतका जवळ, तरी गोदावरी पूर्वेला का जाते?

पठाराचा कल तिकडे आहे. भारताची पश्चिम कड फुटून वेगळी झाली तेव्हा ती बाजू उंच राहिली. त्र्यंबकेश्वरहून अरबी समुद्र शंभर किलोमीटरही नाही, पण नदी सुमारे १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते.

हा उतार अगदी मंद आहे. जायकवाडीची पूर्ण पातळी साधारण ४६४ मीटर आणि नांदेडच्या विष्णुपुरीची ३५५. एवढ्या लांब अंतरात जेमतेम शंभरेक मीटर. म्हणूनच १९७६ मध्ये झालेल्या जायकवाडीच्या धरणाची भिंत जवळजवळ १० किलोमीटर लांब बांधावी लागली आणि नाथसागर पसरट, उथळ झाला. कोकणातल्यासारखी अरुंद दरी इथे नाहीच. उथळ पाणी आणि आपलं ऊन, मग बाष्पीभवन किती होत असेल ते बघा.

लोणारचं सरोवर ज्वालामुखीचं आहे ना?

नाही. उल्केचं. ते बुलढाण्यात आहे, पण जालन्याच्या मंठ्याहून जवळ, म्हणून प्रश्न आमच्याकडे येतो. बसाल्टवर उल्का आदळून तयार झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. वयाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत : एका पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षं, दुसरीने साधारण ५.७ लाख. दोन्ही आकडे हिमयुगांच्या काळातलेच.

ज्वालामुखी परत फुटेल का?

नाही. ज्या उष्ण ठिकाणावरून हा लाव्हा आला, त्यावरून आपली भूमी केव्हाच सरकून गेली. आज त्या जागेवर हिंदी महासागरातलं रियुनियन बेट आहे.

मग किल्लारीचा भूकंप कशामुळे?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. तीव्रता ६.२ च्या आसपास, केंद्र जमिनीखाली थोड्याच किलोमीटरवर, म्हणून इतका विध्वंस.

भारताची भूमी आजही उत्तरेला सरकून हिमालयाला ढकलते आहे. तो दाब आपल्या पठारातही साठतो. लाव्ह्याच्या चादरीखाली जुन्या खडकात भेगा आहेत, वरून दिसत नाहीत. त्यातली एक सरकली. वर दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं वजन. माणसं घरांनी मारली. माळवद उन्हाळ्यात गार असतं, आमचंही होतं, त्यामुळे हे लिहिताना बरं वाटत नाही.

हिंगोलीला जमिनीतून आवाज येतात, त्याचं काय?

वसमत भागात लोकांनी बऱ्याच वर्षांपासून हे ऐकलंय. २०२४ मध्ये २१ मार्चला आणि १० जुलैला तिथे ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. लहान हालचालींचे आवाज उथळ, कठीण खडकातून वर येतात. आता गंमत बघा : याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी मोजणारी लायगो वेधशाळा होणार आहे, तिला शांत जमीन हवी असते. शांत म्हणजे रोजची थरथर कमी असलेली. कधीच न हलणारी जमीन कुठेच नसते.

वेरूळ-अजिंठा इथेच का कोरले?

जाड, सलग, कमी भेगांचा बसाल्ट मिळाला म्हणून. वाघूर नदीने घोड्याच्या नालेच्या आकाराचं वळण कापून कडा उघडा करून दिला, तिथे अजिंठा. वेरूळच्या उतारावर कैलास वरून खाली कोरत आणता आला, कारण दगडाने साथ दिली. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याला जा, तिथला दगड ठिसूळ निघाला आणि लेणी किती ढासळली ते बघा. औसा तालुक्याच्या बाजूला खरोशाची लेणी तर जांभ्यात आहेत. त्या कारागिरांना थर वाचता येत होते, याबद्दल मला शंका नाही.

देगलूर-बिलोलीकडे दगड वेगळाच, गुलाबी का?

तिथे लाव्ह्याची चादर संपते. खालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. गोल गोल गुंडे, एकावर एक रचल्यासारखे, तेलंगणात शिरल्यासारखं वाटतं. किल्लारीला ३४६ मीटर खाली लागला तो पायाचा खडक, आणि इथे त्याच्यावर शेळ्या चरतात.

वाटेत सापडणाऱ्या चकाकत्या गारगोट्या विकत घेतात म्हणे?

त्या मांजऱ्याच्या पोकळ्यांतल्या खनिजांना झिओलाइट म्हणतात. महाराष्ट्रातले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. लेण्यांच्या परिसरात विकायला बसलेल्यांकडचे रंगीत खडे मात्र पुष्कळदा रंगवलेले असतात. ओल्या बोटाने घासून बघा.

मुलांना घेऊन एका दिवसात काय बघता येईल?

बीडकडून जात असाल तर सकाळी मांजरसुंब्याचा घाट, थर मोजायला. मग पाटोदा तालुक्यात सौताडा. तिथे कठीण थराच्या ओठावरून नदी खाली पडते. पावसाळ्यानंतर जा, उन्हाळ्यात फक्त कडा दिसतो, पण थर त्याच वेळी नीट दिसतात. नांदेडकरांनी इस्लापूरजवळ पैनगंगेवरचं सहस्रकुंड बघावं. दरड बघायची तर नदी आटल्यावर, एप्रिल-मेमध्ये, आणि लांबून. वाळू उपसलेल्या काठाखाली आतून पोकळी असते, तिच्याखाली उभं राहू नका. सोबत पाण्याच्या बाटल्या, एक दोरी, आणि चुनखडीवर टाकायला थोडं लिंबू घ्या. फेस आला की मुलं टाळ्या वाजवतात.